क्रिस्तो रे जेझुइट हायस्कूल (शिकागो)

क्रिस्तो रे जेझुइट हायस्कूल ही अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शिकागो शहरात, पिल्सन या मेक्सिकन-बहुल भागात असलेली खासगी कॅथलिक माध्यमिक शाळा आहे. येशूसंघाच्या (जेझुइट) शिकागो प्रांताने ती १९९६ साली सुरू केली. शाळेत मुले व मुली एकत्र शिकतात आणि अमेरिकी पद्धतीप्रमाणे नववी ते बारावीचे वर्ग भरतात. स्पॅनिशभाषक स्थलांतरितांच्या अल्प उत्पन्न गटातील मुलांना महाविद्यालयीन शिक्षणापर्यंत पोहोचविणे, हा शाळेच्या स्थापनेमागील मुख्य हेतू होता.

ही शाळा विशेषतः तिच्या खर्चाच्या व्यवस्थेमुळे ओळखली जाते. शाळेतील प्रत्येक विद्यार्थी महिन्यातून सुमारे पाच दिवस शहरातील एखाद्या कार्यालयात काम करतो आणि त्या कामाचा मोबदला त्याच्या शिक्षणाच्या खर्चासाठी वापरला जातो. शुल्क न परवडणाऱ्या कुटुंबांसाठी खासगी शाळा चालविण्याचा हा मार्ग पुढे इतर शहरांनीही स्वीकारला. त्यातून ‘क्रिस्तो रे नेटवर्क’ हे शाळांचे जाळे उभे राहिले. या पद्धतीच्या यशाची जशी चर्चा झाली, तशीच बालश्रम, विद्यार्थ्यांची निवड आणि कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरित मुलांचे वगळले जाणे या मुद्द्यांवर तिच्याविषयी प्रश्नही उपस्थित झाले.

नाव

‘क्रिस्तो रे’ या स्पॅनिश शब्दांचा अर्थ ‘ख्रिस्तराजा’ असा होतो. ख्रिस्तराजाचा सण पोप अकरावे पायस यांनी १९२५ साली कॅथलिक चर्चमध्ये सुरू केला. त्यानंतर लगेचच मेक्सिकोमध्ये तेथील सरकारच्या चर्चविरोधी कायद्यांमुळे १९२६ ते १९२९ या काळात सशस्त्र संघर्ष झाला. बंडखोरांच्या तोंडी ‘ख्रिस्तराजाचा विजय असो’ ही घोषणा असे. त्यावरूनच त्यांना ‘क्रिस्तेरो’ म्हटले जाऊ लागले. याच काळात, २३ नोव्हेंबर १९२७ रोजी, मिगेल प्रो या जेझुइट धर्मगुरूंना मेक्सिको शहरात गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यांनीही मृत्यूसमयी हीच घोषणा दिल्याचे मानले जाते. त्यामुळे मेक्सिकन वंशाच्या कॅथलिक कुटुंबांना हे नाव धार्मिक आणि ऐतिहासिक अशा दोन्ही अंगांनी परिचित आहे.

पार्श्वभूमी

पिल्सन वस्ती

पिल्सन हा शिकागोच्या ‘लोअर वेस्ट साइड’ या विभागाचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोहेमियातून आलेल्या चेक कामगारांनी ही वस्ती वसवली आणि आपल्याकडील प्लझेन शहराचे नाव तिला दिले. त्यांच्या पाठोपाठ पोलिश, स्लोव्हाक, स्लोव्हेनियन, लिथुआनियन अशा पूर्व व मध्य युरोपीय समाजांचे लोक येथे आले. बहुतेक समाजांनी आपापल्या भाषेचे स्वतंत्र चर्च आणि त्याला जोडून धर्मग्रामाची (पॅरिश) प्राथमिक शाळा उभारली. एकाच वस्तीत थोड्याथोड्या अंतरावर अनेक कॅथलिक चर्च दिसतात, त्याचे कारण हे आहे.

मेक्सिकन कामगार विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत रेल्वे, पोलाद कारखाने आणि मांस उद्योगातील कामांसाठी शिकागोत येऊ लागले. त्यांची एक मोठी वस्ती पिल्सनच्या उत्तरेस ‘निअर वेस्ट साइड’ भागात होती. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथे इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो येथील संकुलासाठी जुनी घरे पाडण्यात आली. विस्थापित झालेली अनेक मेक्सिकन कुटुंबे पिल्सनमध्ये येऊन राहिली. युरोपीय वंशाचे जुने रहिवासी उपनगरांकडे निघून जात होते आणि १९७० पर्यंत या विभागात स्पॅनिशभाषक बहुसंख्य झाले. लगतच्या ‘लिटल व्हिलेज’ भागातही हाच बदल घडला. भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या या वस्तीत १९८७ पासून मेक्सिकन कलेचे संग्रहालयही आहे.

माध्यमिक शिक्षणाची उणीव

वस्तीतील मुलांच्या तुलनेत माध्यमिक शाळा अपुऱ्या होत्या. वर्ग गर्दीने भरलेले असत, इंग्रजी न जाणणाऱ्या मुलांसाठी पुरेशी सोय नसे आणि शिक्षण अर्ध्यावर सोडण्याचे प्रमाण मोठे होते. १९७० च्या दशकात पिल्सनमधील पालक आणि कार्यकर्त्यांनी दीर्घकाळ आंदोलन केले. त्यानंतर १९७७ साली ‘बेनितो हुआरेझ’ ही सार्वजनिक माध्यमिक शाळा सुरू झाली. तरीही प्रश्न पूर्णपणे सुटला नाही. लिटल व्हिलेजमध्ये नवीन शाळेचे आश्वासन लांबत गेल्याने मे २००१ मध्ये तेथील माता आणि रहिवाशांनी १९ दिवसांचे उपोषण केले. ती शाळा अखेर २००५ साली उघडली. वस्तीतील कुटुंबे शिक्षणाविषयी उदासीन आहेत, हा बाहेरच्यांचा समज या दोन्ही आंदोलनांनी खोटा ठरवला.

कॅथलिक शाळांपुढील आर्थिक पेच

अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी १८८४ च्या बाल्टिमोर परिषदेत प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःची शाळा काढावी असा आदेश दिला होता. आयरिश, जर्मन, इटालियन आणि पोलिश स्थलांतरितांच्या अनेक पिढ्या या शाळांतून शिकल्या. १९६० च्या दशकाच्या मध्यास देशातील कॅथलिक शाळांत ५० लाखांहून अधिक विद्यार्थी होते. या शाळांत धर्मभगिनी अत्यल्प मानधनावर शिकवत असल्याने शुल्क नाममात्र ठेवता येत असे.

त्यानंतर धर्मभगिनींची संख्या झपाट्याने घटली. त्यांच्या जागी वेतनावर शिक्षक नेमावे लागले आणि शुल्क वाढत गेले. सरकारी मदतीचा मार्गही मोकळा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९२५ साली खासगी व धार्मिक शाळांत मुलांना घालण्याचा पालकांचा हक्क मान्य केला होता. परंतु धार्मिक शाळांतील शिक्षकांच्या वेतनासाठी सार्वजनिक पैसा देणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय याच न्यायालयाने १९७१ साली दिला. परिणामी शहरांच्या गरीब भागांतील कॅथलिक शाळा एकामागून एक बंद पडू लागल्या. नेमक्या याच काळात त्या भागांत लॅटिन अमेरिकेतून आलेली कॅथलिक कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक होत होती. पूर्वीच्या स्थलांतरितांना मिळालेली शिडी नव्या स्थलांतरितांच्या वाट्याला आली नाही. नोत्र दाम विद्यापीठाच्या एका कार्यगटाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, देशातील शालेय वयाच्या लॅटिनो मुलांपैकी केवळ ३ टक्के मुले कॅथलिक शाळांत होती.

स्थापना

पिल्सनपासून जवळच रूझवेल्ट मार्गावर जेझुइटांची ‘सेंट इग्नेशियस’ ही जुनी आणि नामांकित शाळा आहे. १८७१ च्या शिकागोतील महाअग्निकांडातून तिची इमारत बचावली होती. एकेकाळी स्थलांतरितांच्या मुलांना शिकविणारी ही शाळा विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रवेशपरीक्षा आणि मोठे शुल्क असलेली संस्था झाली होती. दरम्यान येशूसंघाच्या विचारातही बदल झाला होता. संघाचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी १९७३ साली स्पेनमधील वालेन्सिया येथे माजी विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणात, जेझुइट शिक्षणाने इतरांसाठी जगणारी माणसे घडवावीत, अशी मांडणी केली. पुढे १९७५ च्या महासभेने श्रद्धेची सेवा आणि न्यायाची प्रस्थापना ही संघाच्या कार्याची परस्परांशी निगडित उद्दिष्टे ठरवली.

या पार्श्वभूमीवर, १९९० च्या दशकात कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन हे शिकागोचे महागुरुस्वामी (आर्चबिशप) असताना, संघाचे प्रांतप्रमुख ब्रॅडली शेफर यांनी शहरातील स्पॅनिशभाषक समाजासाठी नवे कार्य हाती घेण्याचे ठरवले. नेमके काय करावे हे आधी न ठरवता जेझुइटांनी प्रथम वस्तीत फिरून लोकांच्या गरजा जाणून घेतल्या. त्यात मुलांसाठी चांगली आणि सुरक्षित माध्यमिक शाळा हवी ही मागणी ठळकपणे पुढे आली.

शाळेचे पहिले अध्यक्ष म्हणून जॉन पी. फोली यांची नेमणूक झाली. मूळचे शिकागोचे असलेले फोली सुमारे ३४ वर्षे पेरू देशात शिक्षणकार्य करीत होते. त्यामुळे स्पॅनिश भाषा आणि लॅटिन अमेरिकी समाज यांचा त्यांना निकटचा अनुभव होता. जागा मिळाली, शिक्षकही मिळण्यासारखे होते. अडचण पैशाची होती. वस्तीतील कुटुंबांना खऱ्या खर्चाइतके शुल्क भरणे अशक्य होते आणि केवळ देणग्यांवर शाळा कायम चालविणे धोक्याचे होते. सल्लागार रिक मरे यांनी यावर एक उपाय सुचवला. विद्यार्थ्यांनीच कार्यालयांत काम करावे, एका पूर्णवेळ जागेचे काम चार-पाच जणांत वाटून घ्यावे आणि कंपनीने त्या जागेचा मोबदला शाळेला द्यावा, अशी ही कल्पना होती. ती खर्चाची अडचण सोडविण्यासाठी पुढे आली होती. तिचे शैक्षणिक मोल नंतर लक्षात आले. १९९६ च्या शरद ऋतूत एका जुन्या धर्मग्राम शाळेच्या इमारतीत पहिले वर्ग भरले.

काम-अभ्यास योजना

रचना

चार विद्यार्थ्यांचा एक गट मिळून कार्यालयातील एक पूर्णवेळ जागा सांभाळतो. प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातील एक ठरलेला दिवस कामासाठी दिलेला असतो. उरलेला पाचवा दिवस चौघे आळीपाळीने भरून काढतात. त्यामुळे चार आठवड्यांच्या चक्रात प्रत्येकाचे पाच दिवस काम होते आणि चौघांचे मिळून वीस दिवस, म्हणजे एका पूर्णवेळ कर्मचाऱ्याचे महिन्याचे काम, पूर्ण होते. वर्गांचे वेळापत्रक या चक्राभोवतीच आखलेले असते. एका वर्गातील सर्व मुले शक्यतो एकाच दिवशी कामावर जातात, म्हणजे त्यांचे तास बुडत नाहीत. वर्गाचे दिवस कमी असल्याने शाळेचा दिवस आणि वर्ष तुलनेने लांब ठेवले जाते.

विद्यार्थी कंपनीचे थेट कर्मचारी नसतात. शाळेशी संलग्न असलेला स्वतंत्र कार्यक्रम कायद्याच्या दृष्टीने त्यांचा मालक असतो आणि तो तात्पुरते कर्मचारी पुरविणाऱ्या संस्थेप्रमाणे काम करतो. कंपनी प्रत्येक गटासाठी या कार्यक्रमाला ठरावीक वार्षिक रक्कम देते. कर, विमा आणि कामगारविषयक कागदपत्रांची जबाबदारी कार्यक्रमाकडे असते. मराठी वाचकांना परिचित असलेल्या ‘कमवा आणि शिका’ या संज्ञेशी या योजनेचे साम्य वाटले, तरी येथे विद्यार्थ्याच्या हातात वेतन येत नाही. ते शिक्षणाच्या खर्चात वळते होते. खर्चाचा उरलेला भाग देणग्यांतून आणि कुटुंबाच्या ऐपतीनुसार ठरविलेल्या शुल्कातून भरून काढला जातो.

कामाचे स्वरूप

विद्यार्थी बँका, विधी सल्लागार संस्था, लेखापरीक्षण संस्था, रुग्णालये, विद्यापीठे आणि विमा कंपन्या यांमध्ये काम करतात. सुरुवातीला कागदपत्रे लावणे, प्रती काढणे, टपाल वाटणे, संगणकावर माहिती भरणे, दूरध्वनी घेणे अशी कामे मिळतात. अनुभव वाढेल तसे अधिक जबाबदारीचे काम दिले जाते. नववीच्या मुलांना शाळा सुरू होण्यापूर्वी उन्हाळ्यात प्रशिक्षण दिले जाते. त्यात संगणकाच्या वापराबरोबरच हस्तांदोलन, दूरध्वनीवरील बोलणे, वेळ पाळणे आणि कार्यालयीन पोशाख या गोष्टींचाही समावेश असतो. कामाच्या दिवशी शाळेची वाहने मुलांना शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात नेतात आणि संध्याकाळी परत आणतात. काम पाहणारे वरिष्ठ वेळोवेळी लेखी मूल्यमापन करतात. काम सुटल्यास विद्यार्थ्याला पुन्हा प्रशिक्षण घ्यावे लागते.

पिल्सनपासून शिकागोचा व्यापारी केंद्रभाग थोड्याच किलोमीटरांवर आहे. तेथील अनेक इमारतींत वस्तीतील प्रौढ रात्री साफसफाईला जात असत. त्याच इमारतींत त्यांच्या मुलांनी दिवसा टाय लावून कार्यालयात बसणे, हा बदल कुटुंबांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. वकील, लेखापाल, अभियंता या व्यवसायांची माणसे मुलांना प्रत्यक्ष भेटू लागली. महाविद्यालयात कशासाठी जायचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांना वर्गाबाहेर मिळू लागले.

कायदेशीर चौकट

अमेरिकेच्या बालश्रम नियमांनुसार १४ व १५ वर्षांच्या मुलांना एरवी शाळेच्या वेळेत काम करता येत नाही, तसेच शाळेच्या दिवशी तीन तासांहून अधिक काम करण्यास मनाई आहे. पूर्ण दिवसाचे काम या चौकटीत बसत नव्हते. संघीय श्रम विभागाने २०१० साली नियमांत सुधारणा करून शैक्षणिक काम-अभ्यास कार्यक्रमांसाठी स्वतंत्र तरतूद केली. तिच्यानुसार, चार आठवड्यांच्या चक्रातील तीन आठवड्यांत शाळेच्या वेळेत एक दिवस आणि उरलेल्या आठवड्यात दोन दिवस, दिवसाला कमाल आठ तास व आठवड्याला कमाल १८ तास काम करता येते. हे वेळापत्रक क्रिस्तो रे शाळांच्या चक्राशी जुळणारे आहे. जाळ्यातील शाळांत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला १ सप्टेंबरपर्यंत १४ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, तेही याच कारणाने.

शिक्षण आणि भाषा

शाळेचा अभ्यासक्रम महाविद्यालयीन प्रवेशाची पूर्वतयारी या स्वरूपाचा आहे. हस्तव्यवसाय शिकवून मुलांना लवकर नोकरीला लावणे हा तिचा हेतू नाही. कार्यालयीन काम हे साधन असून पदवी हे साध्य आहे, असे शाळेचे धोरण आहे.

स्थापनेपासून शाळेने स्पॅनिश आणि इंग्रजी या दोन्ही भाषांना अभ्यासक्रमात स्थान दिले. अमेरिकेतील अनेक शाळांत स्पॅनिशभाषक मुलाच्या घरच्या भाषेकडे अडथळा म्हणून पाहिले जात असे आणि ती लवकरात लवकर मागे पडावी अशी अपेक्षा असे. क्रिस्तो रेमध्ये मात्र दोन्ही भाषांत वाचन, लेखन आणि विचार करता यावा, हे उद्दिष्ट ठेवले गेले. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या बऱ्याच मुलांना त्या भाषेतील व्याकरण वा साहित्य औपचारिकरीत्या कधीच शिकवलेले नव्हते. त्यांच्यासाठी स्पॅनिशचा अभ्यास हा मातृभाषेचा अभ्यास होता. कार्यालयांतही द्विभाषक असणे उपयोगी ठरते.

धर्मशिक्षण आणि समाजसेवा हे जेझुइट परंपरेनुसार शिक्षणाचे भाग आहेत. अन्य धर्माच्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश दिला जातो. पालकांपैकी अनेकांनी स्वतः माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेले नसते. त्यामुळे महाविद्यालयांचे अर्ज, शिष्यवृत्ती आणि शासकीय आर्थिक मदतीची प्रक्रिया यांसाठी शाळा कुटुंबांना मार्गदर्शन करते. पालकांशी संवाद स्पॅनिशमध्ये होऊ शकतो, हेही त्यांच्या सहभागास पोषक ठरले.

विस्तार

शिकागोतील प्रयोगाची दखल इतर शहरांतील धर्मसंघांनी घेतली. कॅलिफोर्नियातील गुंतवणूकदार बी. जे. कॅसिन यांच्या प्रतिष्ठानाने अशा शाळा इतरत्र काढण्यासाठी मोठे अर्थसाहाय्य दिले. २००१ साली ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे ‘दे ला साल नॉर्थ’ ही शाळा याच पद्धतीने सुरू झाली. लॉस एंजेलिसमधील वॉट्स भागातील १९६२ साली स्थापन झालेल्या ‘व्हर्बम देई’ या जुन्या शाळेनेही काम-अभ्यास पद्धत स्वीकारली. २००३ मध्ये डेन्व्हर येथे ‘अरुपे जेझुइट’, तर २००४ मध्ये न्यू यॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागात आणि शिकागोच्या उत्तरेस वॉकीगन येथे शाळा उघडल्या. २००३ मध्ये बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनने विस्तारासाठी सुमारे ९९ लाख डॉलर दिले. पुढील काळात ह्यूस्टन (२००९), सॅन होजे (२०१४) आणि डॅलस (२०१५) अशा मोठी हिस्पॅनिक लोकसंख्या असलेल्या शहरांत शाळा निघाल्या. आज जाळ्यातील शाळांची संख्या चाळिसाच्या आसपास आहे. त्यांतील काही जेझुइटांच्या, तर काही इतर धर्मसंघांच्या वा धर्मप्रांतांच्या आहेत. शिकागोच्याच ऑस्टिन भागात २००८ साली निघालेल्या ‘क्राइस्ट द किंग’ शाळेसारख्या काही शाळा प्रामुख्याने आफ्रिकी-अमेरिकी वस्त्यांत आहेत.

जाळ्याने सदस्य शाळांसाठी दहा मानके ठरवली आहेत. शाळा कॅथलिक असावी, तिने केवळ आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील मुलांनाच प्रवेश द्यावा, सर्व विद्यार्थ्यांनी काम-अभ्यास योजनेत भाग घ्यावा आणि महाविद्यालयीन शिक्षणाची तयारी करून घ्यावी, या त्यांतील प्रमुख अटी आहेत. फोली यांनी नंतर या जाळ्याचे नेतृत्व केले. २००८ साली त्यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडून दिले जाणारे ‘प्रेसिडेन्शियल सिटिझन्स मेडल’ मिळाले. शाळेच्या प्रारंभीच्या वर्षांवर जी. आर. कर्नी यांनी लिहिलेले ‘मोर दॅन अ ड्रीम’ हे पुस्तकही २००८ मध्येच प्रकाशित झाले.

सर्वच शाळा टिकल्या असे नाही. नेब्रास्कातील ओमाहा येथे २००७ साली उघडलेली शाळा २०११ मध्ये बंद करावी लागली. पुरेसे विद्यार्थी आणि पुरेशा नोकऱ्या या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमून आल्याशिवाय ही पद्धत चालत नाही, हे त्यावरून दिसून आले.

टीका आणि मर्यादा

कागदपत्रांचा प्रश्न

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्यात, अधिकृत वास्तव्याची कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही सार्वजनिक शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क असल्याचा निर्णय दिला. मात्र हा हक्क नोकरीला लागू होत नाही. क्रिस्तो रे पद्धतीत प्रत्येक विद्यार्थी कर्मचारी असल्याने त्याला काम करण्याची कायदेशीर परवानगी असावी लागते. परिणामी, स्थलांतरितांसाठी काढलेल्या शाळेचे दार स्थलांतरितांमधील सर्वांत असुरक्षित मुलांना बंद राहते. एकाच घरातील अमेरिकेत जन्मलेल्या धाकट्या भावंडाला प्रवेश मिळावा आणि मेक्सिकोत जन्मलेल्या थोरल्याला मिळू नये, असा पेच या अटीतून निर्माण होतो. ओबामा प्रशासनाने २०१२ मध्ये जाहीर केलेल्या ‘डाका’ धोरणाने लहानपणी आलेल्या काही तरुणांना कामाची परवानगी दिली. परंतु त्यासाठी सर्वसाधारणपणे किमान १५ वर्षे वयाची अट होती आणि हे धोरण पुढे न्यायालयीन वादात अडकले.

श्रम आणि समता

श्रीमंत घरातील मुले शिकत असताना गरीब घरातील मुलांनी मात्र आपल्या शिक्षणासाठी राबावे, यात विषमता आहे, असा आक्षेप घेतला जातो. कामामुळे खेळ, वाचन आणि विश्रांती यांसाठी वेळ कमी उरतो. यावर समर्थकांचे म्हणणे असे की, या वयातील अनेक गरीब मुले एरवीही शाळा सुटल्यावर दुकानांत वा उपाहारगृहांत काम करतात आणि त्या कामातून पुढे जाण्याची वाट सापडत नाही. येथे कामाचे तास मर्यादित असतात आणि त्यातून व्यावसायिक जगाशी ओळख होते. कंपन्यांच्या वातावरणाशी जुळवून घेण्यास शिकविताना मुलांवर वरच्या वर्गाची रीतभात लादली जाते का, हा प्रश्नही चर्चेत आला आहे.

परिणामांचे मोजमाप

समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू ग्रीली यांनी १९८२ मध्ये आणि अँथनी ब्रिक, व्हॅलेरी ली व पीटर हॉलंड यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, कॅथलिक माध्यमिक शाळांचा लाभ वंचित गटांतील विद्यार्थ्यांना विशेष होतो, असा निष्कर्ष मांडला होता. सर्वांसाठी समान अभ्यासक्रम आणि शाळेतील निकटचे सामाजिक संबंध ही त्याची कारणे सांगितली गेली. यावरचा मुख्य आक्षेप निवडीविषयीचा आहे. अर्ज करणारी, मुलाखत देणारी आणि थोडे का होईना शुल्क भरणारी कुटुंबे आधीच अधिक प्रयत्नशील असतात, त्यामुळे यशाचे सर्व श्रेय शाळेला देता येत नाही. क्रिस्तो रे शाळांनाही हा आक्षेप लागू होतो. कामावर पाठविण्याइतपत जबाबदार ठरेल असाच विद्यार्थी निवडण्याकडे कल असणे स्वाभाविक आहे. मधेच शाळा सोडणाऱ्यांची गणना कशी करावी, यावरही निष्कर्ष अवलंबून असतात. शिवाय महाविद्यालयात प्रवेश मिळणे आणि पदवी पूर्ण होणे यांत मोठे अंतर राहते. पैसा, घरची जबाबदारी आणि नवख्या वातावरणातील एकटेपणा यांमुळे अनेक मुले पदवीपर्यंत पोहोचत नाहीत. हे अंतर कमी करण्याच्या हेतूने शिकागोच्या लोयोला विद्यापीठाने २०१५ साली अल्प उत्पन्न गटासाठी ‘अरुपे कॉलेज’ हे दोन वर्षांचे महाविद्यालय सुरू केले.

आर्थिक अवलंबित्व

उत्पन्नाचा मोठा भाग कंपन्यांकडून येत असल्याने अर्थव्यवस्थेतील चढउतारांचा शाळेवर थेट परिणाम होतो. २००८ च्या मंदीत आणि २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत कार्यालये बंद झाल्यावर ही अडचण प्रकर्षाने जाणवली. कागदपत्रे लावणे वा प्रती काढणे यांसारखी कामे संगणकीकरणामुळे कमी होत आहेत, त्यामुळे मुलांना अधिक कौशल्याच्या कामासाठी तयार करावे लागते. इलिनॉय राज्याने २०१७ मध्ये मंजूर केलेली, खासगी शाळांतील शिष्यवृत्तींसाठीच्या देणग्यांवर करसवलत देणारी योजना २०२३ च्या अखेरीस संपुष्टात आली. तिच्याविषयी समर्थकांचा मुद्दा गरीब पालकांच्या निवडीचा होता. सार्वजनिक शाळांचा पैसा वळवला जातो, असे विरोधकांचे म्हणणे होते.

बदलती वस्ती

शाळा सुरू झाली तेव्हा पिल्सन ही प्रामुख्याने कष्टकरी मेक्सिकन कुटुंबांची वस्ती होती. नंतर मध्यवर्ती शहराच्या सान्निध्यामुळे तेथे अधिक उत्पन्नाचे लोक राहायला येऊ लागले, घरभाडी आणि मालमत्ता कर वाढले आणि अनेक जुनी कुटुंबे अन्य भागांत किंवा उपनगरांत गेली. लोअर वेस्ट साइड विभागाची लोकसंख्या २००० च्या जनगणनेत ४४,०३१ होती; ती २०१० मध्ये ३५,७६९ आणि २०२० मध्ये ३३,७५१ झाली. २००० ते २०१० या दशकात सुमारे १० हजार हिस्पॅनिक रहिवाशांनी हा विभाग सोडला. ज्या समाजासाठी शाळा उभारली तो समाज दूर सरकू लागल्याने विद्यार्थी शहराच्या इतर भागांतूनही येतात.

वस्तीतील कॅथलिक शाळा नाहीशी झाल्यास काय होते, याचा अभ्यास मार्गारेट ब्रिनिग आणि निकोल गार्नेट यांनी शिकागोतील प्राथमिक शाळांच्या संदर्भात केला. २०१४ मधील त्यांच्या पुस्तकानुसार, अशा शाळा बंद झाल्यानंतर त्या भागांत शेजारधर्म क्षीण झाला आणि अव्यवस्था वाढली. शाळा केवळ मुलांना शिकवत नाही, तर पालकांना एकमेकांशी जोडते, हे त्यामागचे कारण म्हणून मांडले गेले. क्रिस्तो रेचे कार्यही या दृष्टीने पाहिले जाते. शिकागोतील स्पॅनिशभाषक मुलांच्या एकूण संख्येच्या मानाने शाळेची क्षमता अल्प आहे आणि सार्वजनिक शाळांच्या सुधारणेला ती पर्याय ठरू शकत नाही. तथापि, गरीब वस्तीत माध्यमिक शाळा चालवता येत नाही हा खर्चाच्या अंगाने केला जाणारा युक्तिवाद तिने खोडून काढला. त्याच वेळी, या उपायाची किंमत विद्यार्थ्यांच्या श्रमातून भागते आणि कागदपत्रे नसलेली मुले त्याबाहेर राहतात, ही वस्तुस्थितीही तिच्या इतिहासाचा भाग आहे.

हे सुद्धा पहा

येशूसंघ
शिकागो
मेक्सिकन अमेरिकन
क्रिस्तेरो युद्ध
पेद्रो अरुपे
अमेरिकेतील शिक्षण